भरल्या कॅटातला एक्का

महाबळेश्वरच्या टॅक्सी स्टँडवर लालासाहेब धनावडेला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे हवालदारच म्हणत. पलटणीत ट्रक चालवायचा. पासष्टच्या लढाईनंतर पेन्शनीत निघाला, मेढ्याजवळच्या गावात शेतीत मन लागेना, म्हणून एक जुनी ॲम्बॅसिडर घेऊन घाट चढून वर आला. मिशा पलटणीतल्याच ठेवल्या, बूटही पलटणीतलेच, आणि पत्त्यांची अक्कलही तिथलीच.

या अकलेचा त्याला भारी ताठा. रमीच्या डावात कुणी काय टाकलं, कुठला पत्ता कुणाच्या हातात अडकलाय, हे तो विडी ओढता ओढता सांगायचा. पावसाळी दिवसांत गिऱ्हाईक नसलं की पोरं त्याच्याभोवती बसायची.

"गेल्याला पत्ता परत येत न्हाई गड्या," तो म्हणायचा. "काय गेलं त्येवढं ध्येनात धरायचं. मागं काय ऱ्हायलंय ते आपसूक दिसतंय. त्यात जादू काय न्हाई, डोस्कं पायजे."

म्हणून तर स्टँडवरचा पत्त्यांचा कॅट त्याच्या ताब्यात आला. त्या स्टँडवर गाड्यांची रांग पत्त्यांवर लागायची. पूर्वी जो आधी येईल तो पुढं असा कायदा होता, त्यापायी माणसं गाडीतच झोपायची आणि उठल्या उठल्या एकमेकांची गचांडी धरायची. मग म्हाताऱ्या ड्रायव्हरांनी बसून तोड काढली. सकाळचा चहा झाला की प्रत्येकानं एक पत्ता ओढायचा. एक्का सगळ्यांत वर, दुर्री सगळ्यांत खाली. सारखे पत्ते आले तर आधी ओढणारा पुढं. पुढच्या गाड्यांना प्रतापगड, सगळे पॉइंट, दिवसभराचं भाडं. मागच्यांनी एस. टी. तून उतरलेल्यांच्या वळकट्या लॉजपर्यंत पोचवायच्या.

यात एक नियम कडक होता. ओढलेला पत्ता सगळ्यांना दाखवायचा, परत कॅटात घालायचा, हवालदारानं कॅट पिसायचा, मगच पुढच्यानं हात घालायचा. नाहीतर मागून ओढणारे कुरकुरत, एक्के तर पुढच्यांनीच नेले, आमच्या वाट्याला काय गाळ? "ज्याला त्याला भरला कॅट," हे त्या स्टँडवरचं बोलणंच झालं होतं. या एका नियमानं रमीतलं सगळं शहाणपण मोडीत निघतं, ही गोष्ट मात्र हवालदाराच्या डोक्यात कधी शिरली नव्हती.

चौऱ्याहत्तर सालचा उन्हाळी सीझन चालू होता. जोतीराम सपकाळ नावाचा एक ड्रायव्हर स्टँडवर होता. हवालदार वर आला त्याच साली तोही आला होता. त्याची काळी डॉज गाडी इतकी जुनी, की हँडल मारल्याशिवाय जागची हलत नसे, आणि ते हँडल उलटं फिरून एकदा त्याचं उजवं मनगट मोडलं होतं. तेव्हापासून पत्ता तो डाव्या हातानं ओढायचा. स्वभावानं गमत्या. आपलं दुखणं, आपली गरिबी, सगळं थट्टेत गुंडाळून ठेवणारा. दुपारी बाकीचे ड्रायव्हर झाडाखाली डबे सोडायचे, तेव्हा हा लांब उभा राहून ढेकर द्यायचा.

"जेवला न्हाईस व्हय रं?" कुणीतरी विचारायचं.

"आमी पॅसेंजरबरुबर हाटेलात जेवतो बाबा. कुर्मा-पुरी. तुमचं चालू द्या."

त्या सीझनला त्याचं नशीब आटलं होतं. तिर्री, चव्वी, दुर्री. डॉज रोज शेपटाला. गुंडा नावाचा एक फियाटवाला पोरगा होता, जिभेनं तिखट. तो म्हणायचा, "जोतीनाना, तितं एक खुटा ठोकून देतो. गाडी बांधूनच ठेवा, वैरण टाकाय बरं पडंल."

जोतीराम सगळ्यांच्या आधी हसायचा.

आणि मे महिन्यात एका सकाळी त्यानं ओढला तो एक्का निघाला. स्टँडवर टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी परत एक्का. टाळ्या पडल्या, पण थोड्या. तिसऱ्या सकाळी तो आला तो मफलर उडवत.

"सरका. आज बी एक्काच हाय बगा."

"तुज्या सासऱ्यानं धाडलाय का?" गुंडा म्हणाला.

जोतीरामानं डावा हात घातला, पत्ता ओढला आणि न बघताच वर धरला. बदामाचा एक्का.

टाळी एकही पडली नाही. जोतीराम एकटाच हसत होता. हसता हसता त्यानं सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि पत्ता हळूच कॅटात सरकवला. पुढच्या रांगेत गाडी लावून, हँडल मारून, पुण्याची एक मंडळी घेऊन तो प्रतापगडाला निघूनही गेला.

"हवालदार," गुंडा म्हणाला, "लागोपाट तीन दिस? आन् आधी सांगून? गेल्याला पत्ता परत येत न्हाई म्हनता न्हवं तुमी?"

हा टोला बरोबर जागी बसला. हवालदारानं कॅट डब्यात घालून झाकण दाबलं. त्याच्या देखत, त्याच्या हातातल्या कॅटात, त्याच्या अकलेला कुणीतरी फसवत होतं असं त्याला वाटलं.

त्या दिवशी त्याच्या गाडीत सांगलीचे एक प्राध्यापक होते. म्हैसाळकर त्यांचं नाव. विश्रामबागेतल्या कॉलेजात गणित शिकवायचे. सोबत बायको आणि आई. म्हातारी गळ्यात दुर्बीण अडकवून दर वळणावर "थांबा हो जरा" म्हणत होती. एका पॉइंटवर बायका पुढं गेल्या आणि हवालदारानं प्राध्यापकांना गाठलं.

"सायेब, एक हिशोबाचं इचारू? एका मानसानं तीन दिस वळीनं पत्ता वडला आन् तिनी येळंला एक्का आला, तर हे किती येळंला व्हतंय?"

प्राध्यापकांना आनंद झाला. वर्गात पोरं विचारत नाहीत ते ड्रायव्हरनं विचारलं होतं.

"ओढलेला पत्ता परत आत ठेवता?"

"व्हय. भरल्या कॅटातनं."

"मग सोपं आहे. बावन्न पत्त्यांत चार एक्के, म्हणजे तेरात एक. पत्ता परत ठेवला, की दुसऱ्या दिवशीही तेरात एकच. दोन्ही दिवस यायचा तर तेरानं तेराला गुणा, एकशे एकोणसत्तरात एकदा. तीन दिवस, तर पुन्हा तेरानं गुणायचं." त्यांनी छत्रीच्या टोकानं लाल मातीत आकडे काढले. "दोन हजार एकशे सत्त्याण्णवात एकदा."

"दोन हज्जार," हवालदार म्हणाला.

"एकशे सत्त्याण्णव. का हो, कशाला पाहिजे?"

"काय न्हाई. असंच."

परतीच्या वाटेवर त्यानं तो आकडा पाठ केला. रायफलीचा नंबर पाठ करावा तसा, वळणा-वळणाला मनात घोकत. संध्याकाळी मंडळी लॉजवर उतरली आणि दुर्बीण मागच्या सीटखाली राहून गेली, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या सकाळी तो कॅटचा डबा घेऊन स्टँडच्या मधोमध उभा राहिला. डब्याचं झाकण उघडलं नाही.

"जोतीराम, म्होरं ये."

जोतीराम आला. मे असला तरी सकाळची थंडी होती, अंगात ढगळ स्वेटर, हाताच्या बोटांपर्यंत बाह्या.

"काल एका प्रोफेसरास्नी इचारलं म्या," हवालदार सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "सांगलीच्या कालेजात गणित शिकिवत्यात. एका मानसाला तीन दिस एक्का याचा तर दोन हजार एकशे सत्त्यान्नवात एकदाच येतोय. काय म्हनालो? दोन हजार एकशे सत्त्यान्नव."

आकड्यानं स्टँड गप्प झाला. असा नगद आकडा त्या लाल मातीत आजवर कुणी टाकला नव्हता.

"मग?" जोतीराम म्हणाला. तो अजून थट्टेच्या तयारीत होता. "आला की त्यो एकदा. माज्या घरी आला."

"बाह्या वर कर."

"हवालदार, काय बोलाय लागलाय तुमी?"

"लाला," मागून शमशेर म्हणाला. शमशेर स्टँडवरचा जुना माणूस, हवालदाराच्या बरोबरीचा. "जाऊ दे. सकाळच्या पारी कशाला?"

"स्टँडचा कायदा हाय, शमशेर. उद्या सगळीच बाहीत पत्तं घालून येतीली."

जोतीरामाच्या उजव्या हातानं बाही सरकेना. हवालदारानंच पुढं होऊन दोन्ही बाह्या वर केल्या. मग स्वेटरखालचे खिसे चाचपले आणि उलटे केले. डाव्यातनं विडीचं बंडल पडलं. उजव्यातनं एक फडकं निघालं, गाठ मारलेलं. हवालदारानं गाठ सोडली. आत एक भाकरी होती, चौघडी घातलेली, आणि तिच्या पोटात मिरचीचा खर्डा.

कुणीतरी हसलं. गुंडाच असावा. "कुर्मा-पुरी," तो म्हणाला.

जोतीरामाची मान खाली गेली. सात वर्षांत पहिल्यांदाच त्याला थट्टा सुचली नाही. हवालदाराच्या हातात ती भाकरी होती, आणि क्षणभर त्याला कळेना की ती परत कशी द्यायची. फडक्यात गुंडाळून द्यायची, का तशीच? पण मग त्यानं आकड्याला गच्च धरलं. दोन हजार एकशे सत्त्याण्णव.

"पत्ता न्हाई घावला," शमशेर म्हणाला. "झालं समाधान?"

"आता वढ म्हनावं. उगड्या हातानं."

भाकरी फडक्यासकट जवळच्या बॉनेटवर ठेवून त्यानं कॅट पिसला, नेहमीपेक्षा जास्त वेळ पिसला. जोतीरामानं उघड्या, काटे आलेल्या डाव्या हातानं पत्ता ओढला. किलवरची तिर्री.

सगळ्या स्टँडनं एकदम श्वास सोडला. "बगा!" गुंडा ओरडला. "बाही वर गेली का तिर्री!"

याहून मोठा पुरावा कुणाला लागणार? हवालदारानं पत्ता परत घातला आणि पलटणीतल्या आवाजात सांगितलं, "आजपासनं तू वडायचं न्हाई. सीझन संपंस्तवर तुजी गाडी शेवटाला."

जोतीरामानं भाकरी उचलली, फडक्यात बांधली, नीट गाठ मारली. विडीचं बंडल मातीतच राहू दिलं. मग डॉजला हँडल मारलं. ती तिसऱ्या फटक्याला सुरू झाली. स्टँडच्या शेवटी न लावता त्यानं ती सरळ पाचगणीच्या रस्त्याला लावली. तो परत आला नाही. त्याचा मेव्हणा मिरजेत आहे, तिकडं गेला, असं आठवड्यानं कळलं.

"चोरी नसती तर पळाला असता व्हय?" गुंडा म्हणाला. हवालदारानं मान डोलावली. शमशेर मात्र त्या दिवसापासून पत्ता ओढताना त्याच्या तोंडाकडं बघेनासा झाला.

पावसाळ्यात महाबळेश्वर मिटून जातं. घरांना पावसाच्या आडोशाला गवताच्या झडी लागतात, गाड्या खाली गावाला जातात. हवालदार आपल्या गावी गाडी धुवायला बसला तेव्हा सीटखाली दुर्बीण सापडली. तिच्या चामडी पेटीत आतल्या बाजूला म्हैसाळकरांचं नाव आणि विश्रामबागेतला पत्ता लिहिला होता.

"मास्तर मानसाची वस्तू हाय," त्याची बायको शालूबाई म्हणाली. "पोष्टानं नगा धाडू, फुटंल. जाऊन देऊन या."

त्यालाही जायचंच होतं. दुर्बीण परत करायची आणि वर ती हकिगतही सांगायची. तुमच्या आकड्यानं चोर धरला सायेब, असं.

म्हैसाळकरांनी त्याला ओसरीवर नाही, आत खुर्चीवर बसवलं. म्हातारीनं दुर्बीण छातीशी धरली आणि त्याच्यापुढं लाडूची ताटली सरकवली. हवालदारानं सगळं सांगितलं. तीन एक्के, आकडा, बाह्या, तिर्री. भाकरीचं तेवढं सांगितलं नाही.

प्राध्यापकांच्या तोंडावर कौतुक दिसेल म्हणून तो बघत होता. त्यांनी चष्मा काढला.

"अहो, तुम्ही हे मला त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"काय?"

"की तुम्हाला माणूस धरायचाय. तुम्ही विचारलंत, मी उत्तर दिलं. पण तुमचा प्रश्न वेगळा होता. किती गाड्या आहेत तुमच्या स्टँडवर?"

"अटरा."

"आणि सीझन?"

"दोन म्हैनं धरा."

"म्हणजे अठरा माणसं, रोज. आज सुरू करून तीन दिवस लागोपाठ एक्का, हे त्या अठरातल्या कुणालाही, कुठल्याही दिवशी सुरू होऊ शकतं. एका सीझनमध्ये हजारभर वेळा. दोन हजारात एकदा होणारी गोष्ट, आणि तुम्ही तिला दर साली हजार संधी देता. मग दोन-तीन सीझनला एकदा ती कुणाला ना कुणाला होणारच. झाली नाही, तर मला नवल वाटेल."

हवालदाराच्या हातात लाडू होता. तो त्यानं ताटलीत ठेवला.

"पन सायेब, गेल्याला पत्ता परत..."

"रमीत. रमीत पडलेला पत्ता खाली राहतो. तुम्ही तर परत आत घालता. कॅट पुन्हा भरला की काल काय आलं होतं ते त्याला ठाऊक नसतं. तो आज पुन्हा तेरात एकच."

"आन् तिर्री? बाही वर केल्यावर तिर्री आली."

"तेरा वेळा ओढलात तर बारा वेळा एक्का येतच नाही. चोर असो नाहीतर संत. बाही वर केल्यावर दोघंही सारखेच. त्या दिवशी तुमच्या हातात काहीच पुरावा नव्हता हो."

त्यांनी आतून एक कॅट आणला, मुलांचा, कोपरे दुमडलेला. "ओढा. दाखवा, परत घाला, पिसा." हवालदार ओढत गेला. थोड्या वेळानं चौकटची सत्ती आली, परत घातली, पिसली, आणि पुन्हा तीच सत्ती हातात आली. त्यानं ती मेजावर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला. बाहेर म्हातारी दुर्बिणीतनं समोरच्या चिंचेवरची पाखरं बघत होती.

"एक विचारतो," प्राध्यापक म्हणाले. "यापूर्वी तुमच्या स्टँडवर कुणाला असे तीन एक्के आलेच नव्हते?"

हवालदारानं मेजावरची सत्ती उलटी करून ठेवली.

आले होते. एकोणसत्तरच्या सीझनला. त्यालाच आले होते. तीन सकाळी लागोपाठ, त्याच्याच हातातल्या कॅटातनं, आणि पिसणाराही तोच. त्या दिवशी स्टँडवर वडे वाटले होते. सगळे म्हणाले होते, हवालदाराचा हातच तसा. आणि रानातली पिवळी फुलं ओवून ॲम्बॅसिडरच्या बॉनेटवर माळ घातली होती ती जोतीरामानं. तेव्हा कुणी आकडा काढला नव्हता. कुणी त्याच्या बाहीला हात लावला नव्हता.

"न्हाई सायेब," तो म्हणाला. "असं कवाच झालं न्हवतं."

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, प्राध्यापकांना कळलंय. ते दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "चूक माझीही आहे. आकडा सांगताना माणूस विचारायला हवा होता." यानं तर त्याला आणखीच लाज वाटली.

तो सातारच्या गाडीत बसला नाही. मिरजेच्या एस. टी. त बसला.

मिरजेत स्टेशनबाहेर डॉज नव्हती. एका टांगेवाल्यानं सांगितलं, "काळी हँडलवाली? ती दवाखान्याकडं असतीया. आजारी मानसं नेती-आनती." एका मोठ्या दवाखान्याच्या भिंतीला लागून ती उभी होती. जोतीराम एका म्हाताऱ्याला मागच्या सीटवर निजवत होता, डावा हात त्याच्या मानेखाली घालून. हवालदार पाच पावलांवर थांबला. म्हाताऱ्याचा मुलगा औषधं आणायला गेला, तेव्हा जोतीरामानं वर पाहिलं.

"आला व्हय," तो म्हणाला. जसं काही वाटच बघत होता.

"जोतीराम, चुकलं माजं."

जोतीरामानं म्हाताऱ्याच्या पायांवर चादर ओढली.

"प्रोफेसरांकडं गेल्तो. त्येनी समजावलं. एक्का कुनालाबी येतोय. तुज्यात काय खोट न्हवती."

"ते मला ठावं हाय की," जोतीराम म्हणाला. "माजी बाही मला ठाव न्हाई व्हय? त्येच्यासाटी प्रोफेसर कशाला पायजे?"

हवालदार एक पाऊल पुढं आला. "माफी कर," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला, की गाडीतला म्हातारा कण्हला त्यात तो बुडून गेला.

"हितं?" जोतीरामानं रस्त्याकडं हात केला. "हितं कोन वळखतंय मला? हितं सगळी ज्याच्या त्याच्या दुखन्यात हायती. तुमी माजं खिसं कुटं उलटं केलं, हवालदार? दवाखान्याच्या भिंतीआड?"

"न्हाई."

"माजी भाकरी कुनाम्होरं सोडली?"

"सगळ्यांम्होरं."

"मग." जोतीराम वाकला आणि हँडल लावलं. "मिरजंची माफी मिरजंतच ऱ्हाऊ द्या. मला तिचा उपेग न्हाई."

"वर ये. दसऱ्याला स्टँड चालू हुईल. तुजी जागा हाय."

"जागा हाय म्हनं," जोतीराम हसला. जुनं हसू नव्हतं ते. "तुमी देनार, तवा हाय व्हय?" म्हाताऱ्याचा मुलगा आला, गाडी सुरू झाली आणि धूर हवालदाराच्या पायाशी घोटाळत राहिला.

दसऱ्यानंतर स्टँड भरला. झडी उतरल्या, हॉटेलांना नवे रंग लागले, सकाळी धुकं खालून वर यायला लागलं. पहिल्या दिवशी हवालदार डबा घेऊन मधोमध उभा राहिला, जोतीरामाला उभं केलं होतं त्याच जागी. शालूबाईनं नवा स्वेटर विणला होता तो त्यानं काढून बॉनेटवर ठेवला. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडल्या.

"अंग तापलंय का काय?" गुंडा म्हणाला.

हवालदारानं खिसे उलटे केले. विड्या, काडेपेटी, एक चुरगळलेलं तिकीट, सगळं खाली पडलं. पांढरं अस्तर दोन्ही बाजूंनी लोंबत होतं. पलटणीतली मिशी असलेला माणूस तसा उभा राहिलेला बघून काही पोरं हसली आणि लगेच गप्प झाली.

"जोतीरामानं चोरी केली न्हवती," तो म्हणाला. "म्या आकडा उलटा लावला. तीन एक्कं कुनालाबी येत्यात. मला आल्तं की, एकोनसत्तरला. कॅटबी मीच पिसल्याला. तवा तुमी माळ घातली. माजं खिसं कुनी बगितलं न्हाईत. आज बगा."

कुणीच पुढं आलं नाही.

"बगा म्हन्तो न्हवं!" तो ओरडला आणि त्याचा आवाज मधेच फाटला.

शेवटी शमशेर आला. त्यानं अस्तरांना हात लावला नाही. वाकून विड्या आणि काडेपेटी उचलली, हवालदाराच्या हातात दिली आणि दुसऱ्या हातातला कॅटचा डबा काढून घेतला. "आता मी पिसतो," तो म्हणाला.

तेवढ्यात पाचगणीच्या बाजूनं एक काळी गाडी आली. डॉजच होती. मिरजेहून एक कुटुंब हवा पालटायला आणलं होतं. गाडी स्टँडवर आली नाही, पलीकडच्या झाडाखाली थांबली. जोतीराम उतरला, बॉनेटला टेकून उभा राहिला. त्यानं किती ऐकलं, किती पाहिलं, कुणाला कळलं नाही. पण लोंबणारी अस्तरं त्याला दिसली असणार, कारण ती आत घालायचं हवालदाराच्या अजून ध्यानात नव्हतं.

"जोतीनाना!" गुंडानं हाक मारली, जरा नरम आवाजात. "या, वडा की. कॅट भरल्याला हाय."

"माजं भाडं हाय," जोतीराम तिथूनच म्हणाला.

एवढंच बोलला. पण लगेच हँडल मारलं नाही. गाडीतल्या पोरांना त्यानं दरी दाखवली, पाणी पाजलं, मग पुढं होऊन काचेवरचं धुकं पुसलं. त्यानंतर गाडी सुरू केली. स्टँडसमोरून जाताना त्यानं हॉर्न वाजवला, का वळणासाठी वाजला, यावर पुढं बराच वाद झाला. हवालदारानं त्या वादात कधी तोंड घातलं नाही.

जोतीराम परत स्टँडवर लागला नाही. मिरजेतच राहिला. हवालदारानं मात्र त्या दिवसापासून एक नेम धरला. सकाळी पत्ता ओढायच्या आधी तो बाह्या कोपराच्या वर घ्यायचा. डिसेंबरात, दात वाजत असताना, सगळे शाली गुंडाळून शेकोटीशी उभे असताना, हा उघड्या हातांनी पुढं यायचा. पत्ता ओढायचा, दाखवायचा, शमशेरच्या हातात द्यायचा. रमी त्यानं सोडली होती.

पुढं नवी पोरं आली. त्यांना जोतीराम माहीत नव्हता, डॉज माहीत नव्हती. ती आपापसांत म्हणायची, म्हाताऱ्याला थंडी म्हणून वाजत न्हाई, पलटणीतला मानूस हाय. हवालदाराच्या कानावर ते यायचं. पत्ता ओढून झाला की तो मान खाली घालून बाह्या खाली सोडायचा आणि बटनं लावायचा.